कुलपाच्या दोन किल्ल्या

बाबांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीला टेपडेकसाठी दोन खोबण्या आहेत, एक लाल, एक पांढरी. डेक कधीच भंगारात गेला. आता त्या खोबण्यांतून माझ्या लॅपटॉपवरची गाणी वायफायने येऊन वाजतात. अ‍ॅम्प्लिफायरला त्याचा पत्ताही नाही. त्याला फक्त अ‍ॅनालॉग सिग्नल कळतो, तो कुठूनही येवो.

ही सोय पहिल्यांदा लोकप्रिय केली अ‍ॅपलने. जून 2004 मध्ये 129 डॉलरचा ‘एअरपोर्ट एक्सप्रेस’ आला. चार्जरएवढा डबा, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा, आणि त्याच्या 3.5 मिमी जॅकमधून वायर स्टिरिओला जोडायची. लॅपटॉपवर ‘पॉझ’ दाबलं तरी गाणं दोनेक सेकंद वाजतच राहायचं. वायफायवर काही पॅकेट उशिरा पोहोचतात, काही हरवतात; म्हणून डबा थोडं गाणं आधीच साठवून ठेवायचा. गाण्यांना चालतं, सिनेमा पाहताना मात्र ओठ आणि आवाज यांची फारकत.

गोम वेगळीच होती. आयट्यून्स गाणं एन्क्रिप्ट करून पाठवायचं. जो आवाज शेवटी उघड्या जॅकमधून बाहेर पडणार, त्याला कुलूप कशाला? मला वाटतं, राखण गाण्यांची नव्हतीच. पाठवायचं कोणी आणि ऐकायचं कोणी, हे अ‍ॅपलला ठरवायचं होतं.

कुलूप आरएसएचं, म्हणजे किल्ल्या दोन: बंद करायची आयट्यून्समध्ये, उघडायची डब्यात. पहिली नॉर्वेच्या जॉन लेक योहानसेनने ऑगस्ट 2004 मध्येच काढून जाहीर केली. त्यामुळे कुठलाही प्रोग्रॅम डब्याला गाणं पाठवू शकला. पण डबा अ‍ॅपलचाच लागायचा. दुसरी किल्ली मिळायला 2011 उजाडलं. तोवर ‘एअरट्यून्स’चं ‘एअरप्ले’ झालं होतं. जेम्स लेअर्डने डबा उघडून त्याच्या रॉममधून ती किल्ली काढली आणि ‘शेअरपोर्ट’ लिहिलं. आता कुठलाही संगणक तो डबा असल्याचं सोंग घेऊ शकत होता.

अ‍ॅपलने 2018 मध्ये एअरपोर्ट बंद केले. माझ्याकडे रास्पबेरी पायवर ‘शेअरपोर्ट सिंक’ चालतं, माइक ब्रेडीने पुढे नेलेलं. एकदा त्याचा कोड चाळला, तर ती किल्ली तिथे उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. व्हेरिएबलचं नाव: सुपर सीक्रेट की.

बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “डावा स्पीकर खरखरतोय, आधी ते बघ.”