सई परांजपे : शेजारघरचा विनोद

भंडारा जिल्ह्यांतील सिहोऱ्याकडच्या मुलुखांत खडी गंमत व दंडार हे खेळ जुने आहेत. सोंग पाहून हंसणारा प्रेक्षक मनांत जाणून असतो कीं, हें सोंग परकें नव्हे. तें आपल्याच आळींतलें माणूस आहे. विनोदाचा हा शेजारधर्म दूरचित्रवाणीसारख्या नव्या यंत्राला ज्यांनीं शिकविला, त्यांत सई परांजपे यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल.

सईबाईंचा जन्म १९३८ सालचा. केंब्रिजचे सीनिअर रँग्लर रघुनाथराव परांजपे हे त्यांचे मातामह, संततिनियमनाच्या कार्यास वाहून घेणाऱ्या शकुंतलाबाई परांजपे या त्यांच्या मातुःश्री, वडील रशियन. एवढ्या मोठ्या नांवांच्या सावलींत वाढलेलें मूल बहुधा दबून जातें. सईबाईंचें तसें झालें नाहीं. वयाच्या आठव्या वर्षीं ‘मुलांचा मेवा’ हें त्यांचें पुस्तक निघालें. पुढें पुणें आकाशवाणीवर त्यांनीं मुलांसाठीं कार्यक्रम केले आणि नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयांत शिक्षण घेतलें. नभोवाणीवर चेहरा दिसत नाहीं. माणूस त्याच्या बोलण्यावरूनच उभा करावा लागतो. संवादाचा त्यांचा कान तेथें तयार झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दिल्लीस दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला. या नव्या खात्यांत सईबाईंनीं दिग्दर्शिका व निर्माती म्हणून अनेक वर्षें काम केलें. साधनें तुटपुंजीं, पडदा लहान. त्या पडद्यांत सैन्याची धांवपळ मावत नाहीं. एक चेहरा मात्र नीट मावतो. शिवाय प्रेक्षक नाट्यगृहाच्या गर्दींत बसलेला नसून स्वतःच्या घरीं, वडीलमाणसांसमवेत व लेकरांसमवेत बसलेला असतो. त्याला ग्राम्य कोटीनें हंसवावें, तर घरांतच संकोच होतो. उपदेश करावा, तर तो यंत्राची कळ फिरवितो. या दोन अडचणींतून वाट काढणें हीच दिग्दर्शकाची खरी परीक्षा होय. सईबाईंच्या ‘द लिट्ल टी शॉप’ या दूरचित्रवाणी-नाट्यास १९७२ सालीं तेहरान येथें आशियाई प्रसारण संघाचें पारितोषिक मिळालें. चहाचें दुकान! विषय किती साधा, हें नांवावरूनच कळतें.

त्यांच्या चित्रपटांचीं मुळें याच भूमींत आहेत. ‘स्पर्श’ हा चित्रपट त्यांच्याच एका दूरचित्रवाणी-नाट्यावरून झाला. ‘चष्मे बद्दूर’ या १९८१ सालच्या विनोदी चित्रपटाचें बीज ‘धुआँ धुआँ’ या त्यांच्या नाटिकेंत होतें. १९८३ सालीं आलेल्या ‘कथा’ या चित्रपटाचा आधार ‘ससा आणि कासव’ हें नाटक. चाळींत एक सरळमार्गी कारकून राहतो. त्याच्या बिऱ्हाडीं एक गोडबोल्या लफंगा येऊन ठाण मांडतो, आणि हां हां म्हणतां सारी चाळ त्याच्या नादीं लागते. प्रेक्षक लफंग्याच्या थापांना हंसतो, आणि हंसतां हंसतां ओळखतो कीं, भुलणाऱ्यांत आपणही होतों. येथें उपहासाचा बाण दुसऱ्यावर सुटत नाहीं. तो हळूच स्वतःकडे वळतो. दुर्बळाची थट्टा करून हंशा मिळविणें सोपें असतें. सईबाईंनीं तो मार्ग पत्करला नाहीं, आणि हेंच त्यांच्या कलेचें मर्म होय.

१९८४ सालीं त्या मालिकेकडे वळल्या, तिचें नांवच ‘अडोस पडोस’! पुढें २००६ सालीं त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

तथापि एक खंत उरते. चित्रपट पुन्हां पाहतां येतात. ‘चष्मे बद्दूर’ तर २०१३ सालीं नव्यानें चित्रगृहांत लागला. दूरचित्रवाणीच्या पहिल्या काळांत मात्र पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत; ते घडले आणि वाऱ्यावर गेले. म्हणून लोकांस चित्रपटकर्त्या सईबाई ठाऊक आहेत. त्या छोट्या पडद्यावर ज्यांनीं ही विद्या सिद्ध केली, त्या सईबाई फारशा ठाऊक नाहींत. खडी गंमतींतल्या सोंगाड्याचीही हीच गत. रात्र सरली कीं त्याचें बोलणें लिहून कोणी ठेवीत नाहीं. उरतें तें एवढेंच कीं, दुसऱ्या दिवशीं शेजारी दारांत दिसला म्हणजे पाहणाऱ्याला हंसूं येतें, आणि त्या हंसण्यांत राग नसतो.