ऊर्जापेय आणि महाराष्ट्रातील विक्रीनिर्बंध

ऊर्जापेय किंवा एनर्जी ड्रिंक हे कॅफिन, साखर, टॉरिन आणि ब गटातील जीवनसत्त्वे असलेले मद्यार्कविरहित पेय आहे. थकवा घालवून तरतरी आणणारे पेय म्हणून त्याची जाहिरात केली जाते. भारतीय अन्न कायद्यात त्याचा समावेश ‘कॅफिनयुक्त पेय’ या वर्गात होतो. शाळांच्या परिसरातील त्याच्या विक्रीचा प्रश्न २०२४ साली महाराष्ट्र विधान परिषदेत उपस्थित झाला.

घटक व प्रमाण

भारतीय मानकांनुसार अशा पेयाच्या एका लिटरमध्ये १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम, तर मुलांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफिन सुरक्षित मानले. या हिशेबाने २५ किलो वजनाच्या मुलाची दिवसभराची मर्यादा अशा एका बाटलीतच संपते.

आरोग्यावरील परिणाम

अतिरिक्त कॅफिनमुळे निद्रानाश, छातीत धडधड, अस्वस्थता आणि रक्तदाबातील वाढ संभवते. हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता असणाऱ्यांना अधिक धोका असतो. साखरेमुळे स्थूलता व दंतक्षय यांची शक्यता वाढते. मद्यासोबत घेतल्यास नशेची जाणीव कमी होऊन अतिमद्यपान घडू शकते.

भारतातील नियमन

मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि कॅफिन न सोसणाऱ्या व्यक्तींना हे पेय योग्य नाही, अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. मात्र विक्रीसाठी देशभर लागू असलेली वयोमर्यादा नाही. जादा साखर, मीठ व स्निग्धांश असलेल्या पदार्थांच्या विक्रीला शालेय आहाराविषयीच्या २०२० च्या नियमांनी शाळेत व शाळेपासून ५० मीटरपर्यंत मनाई केली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅफिनयुक्त पेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे.

महाराष्ट्रातील घोषणा

जुलै २०२४ मध्ये आमदार सत्यजीत तांबे यांनी विधान परिषदेत हा विषय मांडला. त्यावर अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या परिघात उच्च कॅफिनयुक्त पेयांच्या विक्रीवर बंदी घालण्यात येईल, असे सांगितले. उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी प्रतिबंधित पेयांची यादी करून ती राज्यातील अधिकाऱ्यांना पाठवण्याची सूचना केली.

अंतर की वय?

अंतरावर आधारित निर्बंधामुळे मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटताना होणारी सहज खरेदी रोखता येते. परंतु ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ०.७९ चौरस किलोमीटर भरते. कांदिवलीतील चारकोप किंवा ठाकूर व्हिलेजसारख्या दाट वस्तीत शाळा जवळजवळ असल्याने अशी वर्तुळे एकमेकांत मिसळतात आणि प्रौढ ग्राहकांसाठीची दुकानेही बंदीच्या कक्षेत येतात. उलट, घरपोच सेवेतून मागवलेल्या बाटलीला हे अंतर लागू करणे अवघड आहे. वयोमर्यादा घातल्यास विक्रेत्याची जबाबदारी सर्वत्र सारखी राहते. मात्र गल्लीतील दुकानात वयाची पडताळणी कठीण असते. कॉफीतही तेवढेच कॅफिन असताना केवळ ऊर्जापेयांवर बंदी का, असा आक्षेपही घेतला जातो. थंड, गोड आणि अल्प किमतीचे हे पेय मुले भराभर पितात, असे बंदीचे समर्थक त्यावर सांगतात.

इतर देश

लिथुआनियाने २०१४ साली, लाटव्हियाने २०१६ साली आणि पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून १८ वर्षांखालील व्यक्तींना ऊर्जापेये विकण्यास मनाई केली.