पॉझिट्रॉनची कुळकथा

वर्गमूळ काढताना धन आणि ऋण अशी दोन उत्तरे येतात, आणि ऋण उत्तर व्यवहारात निरर्थक ठरले की ते निमूटपणे खोडून टाकायचे असते, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पॉझिट्रॉनचे कूळ मात्र अशाच एका न खोडलेल्या उत्तरापर्यंत जाऊन पोहोचते.

१९२८ साली केंब्रिजच्या पॉल डिरॅक यांनी पुंजवाद व सापेक्षतावाद यांचा मेळ घालणारे इलेक्ट्रॉनचे समीकरण मांडले, तेव्हा त्यातून ऋण ऊर्जेच्या अवस्थाही निष्पन्न झाल्या. त्यांचा अर्थ लावताना डिरॅक यांना आरंभी प्रोटॉन दिसला, परंतु इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट जड असलेल्या कणाशी हा हिशेब जुळेना, तेव्हा १९३१ मध्ये त्यांनी, इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा पण धनभारित असा, तोवर कोणीही न पाहिलेला कण असला पाहिजे, असा निर्भय निष्कर्ष काढला.

त्याचा पुरावा २ ऑगस्ट १९३२ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे मिळाला. तेथे कार्ल अँडरसन विश्वकिरणांची छायाचित्रे घेत होते. कणाच्या वाटेवर सूक्ष्म जलबिंदू जमून रेघ उमटावी अशी बाष्पाने भरलेली पेटी, तिच्याभोवती प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि मध्ये ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा आडवा पत्रा, अशी त्यांची सिद्धता होती. एका छायाचित्रातली बारीक रेघ पत्र्याखाली जवळजवळ सरळ, तर पत्र्यावर अधिक वाकलेली होती. पत्रा भेदताना ऊर्जा खर्ची पडलेला कणच अधिक वळणार, म्हणजे तो खालून वर गेला असणार, आणि या दिशेवरून त्याचा भार धन ठरला. रेघेची लांबी प्रोटॉनला शोभणारी नव्हती. ‘पॉझिटिव्ह’ व ‘इलेक्ट्रॉन’ यांच्या संधीतून ‘पॉझिट्रॉन’ हे नाव १९३३ साली रूढ झाले.

इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे वस्तुमान तेच, भाराचे परिमाण तेच, चिन्ह तेवढे उलट. दोघांची गाठ पडली की जमा आणि नावे यांच्या समान रकमा परस्परांत फिटाव्यात तसा भार फिटतो. ऊर्जेची बाकी मात्र उरते, आणि ती बहुधा प्रत्येकी ५११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दोन गॅमा किरणांच्या रूपाने विरुद्ध दिशांना निघून जाते.

आज पेट-स्कॅन करताना रुग्णाच्या शिरेत फ्लोरिन-१८ युक्त शर्करासदृश द्रव्य टोचतात, त्यातून निघालेले पॉझिट्रॉन देहातल्या इलेक्ट्रॉनांशी भेटून नाहीसे होतात, आणि ती किरणांची जोडी टिपून यंत्र कर्करोगाच्या गाठीचा ठाव सांगते. तेव्हा गणिताने दिलेले उत्तर अडचणीचे आहे, एवढ्याच सबबीवर ते दप्तरी दाखल करू नये.