चालण्याचा खर्च

सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालून गेलो, तर निघालो त्याच उंचीवर आपण पोचतो. म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले एकूण कार्य शून्य! मग दम का लागतो? नववीच्या वर्गात 'कार्य आणि ऊर्जा' शिकवताना हा प्रश्न अवश्य विचारून पाहावा.

उत्तराचे दोन भाग आहेत. प्रत्येक पावलागणिक शरीराचा गुरुत्वमध्य थोडा वर जातो, थोडा खाली येतो. पाऊल जमिनीवर टेकताना काही ऊर्जा वाया जाते आणि ती पुढच्या रेट्यात भरून काढावी लागते. हा झाला पहिला भाग. दुसरा भाग असा, की स्नायू नुसता ताणून धरला तरी तो ऊर्जा खातो. भरलेली बादली हातात धरून स्वस्थ उभे राहा, दोन मिनिटांत हात भरून येईल. तीच बादली खुंटीला टांगली तर खुंटी मात्र थकत नाही. चालणे सोपे करू पाहणाऱ्या साधनांचा सारा इतिहास म्हणजे स्नायूचे काही काम या 'खुंटी'कडे सोपवण्याचा प्रयत्न आहे.

हा खर्च मोजायचा कसा? माणसाच्या तोंडावर मुखवटा लावून तो किती ऑक्सिजन वापरतो ते पाहतात. एक लिटर ऑक्सिजन वापरला म्हणजे सुमारे 20 किलोज्यूल ऊर्जा खर्च झाली, असा ढोबळ हिशेब आहे.

ओझ्याच्या बाबतीत असे मोजमाप आपल्या देशातही झाले. दत्त आणि रामनाथन यांनी ओझे वाहण्याच्या सात पद्धतींची तुलना 1971 मध्ये प्रसिद्ध केली. छाती आणि पाठ यांवर ओझे विभागले तर खर्च सर्वांत कमी. डोक्यावरचे ओझे त्याच्या अगदी जवळ. कावडीला सुमारे 29 टक्के जास्त, आणि दोन्ही हातांत ओझे धरले तर सुमारे 44 टक्के जास्त खर्च आला. चुंबळ ठेवून हंडा डोक्यावर घेणाऱ्या बायकांचा हिशेब चुकीचा नव्हता तर! मग कावड कशासाठी? रॉजर क्रॅम यांनी 1991 मध्ये लवचीक काठ्यांवर प्रयोग केले, तेव्हा ऊर्जेची बचत दिसली नाही. पण खांद्याला बसणारे हिसके कमी झाले. थकवा आणि दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे ध्यानात येते.

ओझे पायावर असले तर काय होते? 1969 मधल्या सोल आणि गोल्डमन यांच्या मापनानुसार, धडावर वाहिलेल्या एका किलोपेक्षा पावलावर बांधलेला एक किलो चार ते सहा पट महाग पडतो. कारण पाय प्रत्येक पावलाला पुढे झोकावा लागतो आणि पुन्हा थांबवावा लागतो.

हा आकडा महाराष्ट्रातल्या हजारो माणसांनी अंगावर अनुभवला आहे. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी 1944 मध्ये पुण्याला कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था 1955 मध्ये उभी राहिली. पोलिओ झालेल्या मुलांना त्या काळी लोखंडी पट्ट्या आणि चामडे यांचे कॅलिपर मिळत. गुडघा वाकू नये म्हणून तो कुलूपबंद केलेला असे. त्यामुळे पाय पुढे नेताना प्रत्येक वेळी कंबर उचलावी लागे. भारत 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, पण ती मुले आज प्रौढ आहेत. पिशोरसारख्या गावात वस्तीवरून शाळेत पायी येणाऱ्या अशा मुलाचा एक किलोमीटर आणि त्याच्या मित्राचा एक किलोमीटर सारखा नव्हता. म्हणूनच हलके प्लॅस्टिक आले, ही मोठी सुधारणा ठरली.

धडधाकट माणसाला मदत करण्याचे स्वप्नही जुनेच. रशियातल्या निकोलस याग्न यांनी 1890 मध्ये पायांना धनुष्यासारख्या स्प्रिंगा लावून धावण्याच्या साधनाचे अमेरिकी पेटंट मिळवले. 1960 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 'हार्डिमन' हा यंत्रपोशाख हाती घेतला. त्याचे वजन सुमारे 680 किलो होते! माणूस आत बसवून तो संपूर्ण चालवणे कधीच जमले नाही. यंत्राने चालण्याचा खर्च खरोखर घटतो हे प्रयोगशाळेत दिसायला 2013 साल उजाडले.

2015 मध्ये स्टीव्हन कॉलिन्स, ग्रेगरी सॉविकी आणि सहकाऱ्यांनी तर बॅटरीशिवायच हे साधले. पोटरीला समांतर एक स्प्रिंग आणि तिला धरणारा-सोडणारा क्लच, एवढेच ते साधन. पाऊल टेकलेले असताना ताण स्प्रिंग सोसते, टाच उचलताना परत करते. बचत सुमारे 7 टक्के. गंमत म्हणजे स्प्रिंग फार कडक किंवा फार मऊ घेतली तर फायदा नाहीसा झाला. 2019 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात दोन बुटांना जोडणारी एक साधी रबरी नळी लावून धावण्याचा खर्च सुमारे 6 टक्क्यांनी घटला. धावणारे आपोआप लहान, जलद पावले टाकू लागले होते.

पण एक मर्यादा विसरून चालणार नाही. स्प्रिंग घेतले तेवढेच परत करते, तेही थोडे कमीच. मराठवाड्यातून जाणारा ऊसतोड कामगार उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो, तेव्हा ओझे खरोखरच वर जात असते. ती ऊर्जा कोठून तरी यावीच लागते: स्नायूतून, नाहीतर मोटारीतून. खेळाडूचे 6 टक्के वाचवणारे साधन त्याच्या उपयोगाचे नाही. 'कोणाचा थकवा कमी करायचा?' हे ठरल्याशिवाय साधनाची रचना ठरत नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.

वर्गात करून पाहा: अर्धा-अर्धा किलो वाळूच्या दोन पिशव्या आधी घोट्यांना आणि विश्रांतीनंतर कंबरेला बांधून, दोन्ही वेळा सारख्याच वेगाने दहा मिनिटे चाला. थांबताक्षणी 15 सेकंद नाडी मोजा. अर्ध्या मुलांनी क्रम उलटा ठेवावा. एकट्याच्या आकड्यावर विसंबू नका, साऱ्या वर्गाची सरासरी काढा आणि फरक का पडला याचे कारण मुलांनाच शोधू द्या.