पाण्याला काटा, गिअरबॉक्सला बोट

जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डवर साधारण चार काटे असत. एक बॅटरीच्या करंटचा, एक इंजिन ऑईलच्या दाबाचा, एक रेडिएटरच्या पाण्याचा आणि एक टाकीतल्या इंधनाचा. गिअरबॉक्समधलं तेल किती तापलंय हे सांगणारा काटा कंपनीने दिलेला नसे आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये तो बसवून घ्यायची पद्धतही नव्हती. अमेरिकेत मात्र मागे ट्रेलर ओढणारा पिकअपवाला सुटीच्या दिवशी घरासमोर गाडीखाली शिरतो, ट्रान्समिशनच्या तेलात सेन्सर घालतो, वायर केबिनमध्ये ओढतो आणि स्टिअरिंगशेजारी छोटं गेज लावून घेतो. तिकडे हे घरगुती काम आहे. इकडे ते कधी रुजलं नाही, पण त्यामागे अडाणीपणा नव्हता.

या गोष्टीची सुरुवात सोलापुरातच होते. वालचंद हिराचंद दोशी 1882 साली इथल्या व्यापारी जैन घराण्यात जन्मले. घरचा धंदा सोडून ते रेल्वेच्या बांधकामाच्या ठेक्यांत उतरले; बार्शी लाईट रेल्वेचं काम त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी. पुढे बोगदे, जहाजं, साखर असं करत 1939 च्या सुमारास त्यांनी मोटारीचा ध्यास घेतला. फोर्डशी बोलणी फिसकटली, 1940 मध्ये क्रायस्लरशी करार झाला. पण युद्धाच्या धामधुमीत सरकारने मोटारीच्या कारखान्याला हात दिला नाही. 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स उभी राहिली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुट्या भागांच्या पेट्या अमेरिकेतून यायच्या आणि जुळणी कुर्ल्याला व्हायची. डॉज आणि फार्गो ही त्या ट्रकची नावं. जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी ‘फार्गो’ हे नाव नंतरही बरीच वर्षं होतं.

त्या डॉज-फार्गोबरोबर अमेरिकी डॅशबोर्डही तयारच आला, पाण्याच्या काट्यासकट. म्हणजे आपल्याकडच्या ड्रायव्हरने काय पाहावं आणि काय पाहू नये, हे बरंचसं डेट्रॉईटने ठरवून दिलं होतं.

खुद्द पाण्याचा काटासुद्धा डॅशबोर्डवर उशिराच पोचला. 1912 च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉइस याचं ‘मोटोमीटर’ निघालं, ते रेडिएटरच्या झाकणावर बसायचं. काचेच्या गोल चकतीत उभा थर्मामीटर असे आणि तांबडी रेघ किती वर चढली ते ड्रायव्हरने बॉनेटच्या पलीकडे बघून ओळखायचं. रात्री काही दिसायचं नाही. शिवाय ते मोजायचं पाण्यावरच्या वाफेची उष्णता, त्यामुळे पाणी फारच कमी झालं की ऐन गरजेच्या वेळी त्याचा भरवसा राहत नसे. मग इंजिनमध्ये एक बल्ब आणि त्यापासून केबिनपर्यंत केसासारखी बारीक तांब्याची नळी, अशी सोय आली. बल्बमध्ये इथरसारखं पटकन उडणारं द्रव्य असतं. ते तापलं की वाफेचा दाब वाढतो, नळीतून डायलमागच्या वळवलेल्या चपट्या नळीपर्यंत पोचतो, ती किंचित सरळ होते आणि काटा हलतो. ही वाकडी नळी फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँने 1849 मध्ये पेटंट केली होती, तेव्हा ती वाफेच्या इंजिनांसाठी होती.

असा काटा बसवणं हे नाजूक काम. नळी कुठे दुमडली तर रीडिंग चुकतं आणि तुटली तर मीटर कचऱ्यात, कारण आतली वाफ गेली की नुसता डाग देऊन ती परत भरता येत नाही. म्हणून चांगला मिस्त्री जादा नळी कधी कापत नाही. तिचे हाताएवढे दोन-तीन वेढे करून बांधतो, म्हणजे इंजिनची थरथर वेढ्यांत जिरते. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट घालतो, सायलेन्सरपासून नळी लांब ठेवतो. आणि अशा मीटरच्या डायलवर नीट पाहिलं तर खालचे आकडे दाटीवाटीने असतात, वरचे ऐसपैस. कारण तापमान वाढेल तसा वाफेचा दाब झपाट्याने वाढत जातो. धोक्याच्या बाजूला काटा जास्त स्पष्ट बोलतो, हा निव्वळ भौतिकशास्त्राचा योगायोग.

सोलापुरात या काट्याला काम भरपूर. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जाणं इथे नित्याचं. चादरी, टॉवेल, कांदा, ऊस, ज्वारी घेऊन निघालेला ट्रक पुण्याच्या दिशेने मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत सपाटीवर धावतो, तोवर फारसं काही होत नाही. खरी परीक्षा चढावर. सोलापूरकडून तुळजापूरला चढताना बालाघाटचा चढ लागतो आणि मुंबईहून परतताना खोपोलीनंतर बोरघाट. घाटात वेग बैलगाडीचा, इंजिनवर लोड पूर्ण आणि रेडिएटरला वारा नाही, म्हणजे पाणी उकळणार हे ठरलेलं. जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकण्याचा ड्रायव्हरांचा रिवाज आहे. घाटाच्या कडेला बॉनेट उघडून गाडी थंड होण्याची वाट पाहणाऱ्यांची रांग हेही एकेकाळचं तिथलं नेहमीचं दृश्य. अशा वेळी क्लीनर पाण्याचा डबा घेऊन सज्ज असे, पण गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हा पहिला धडा. उघडलंच तर बारदानाची घडी धरून, तोंड बाजूला करून.

इथेच एक खोड रुजली, आणि ती अजून गेलेली नाही. गाडी फार तापते म्हणून थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून टाकायचा. काटा खाली येतो, मालक खूश होतो. पण मग इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, डिझेल जास्त जळतं आणि सिलिंडरची झीज वाढते. काटा शांत ठेवण्यासाठी इंजिनला त्रास द्यायचा, हे वाईट वैद्यकच म्हणायचं.

आता गिअरबॉक्स. साध्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये दाते एकमेकांवर घासतात आणि तेल ढवळलं जातं, तेवढीच उष्णता तयार होते. इंजिनच्या शक्तीचा थोडाच भाग त्यात वाया जातो. जुन्या ट्रकांत टॉप गिअरला तर शक्ती बहुधा सरळ आरपार जाते, दात्यांवर भार जवळजवळ नसतोच. त्यामुळे सोलापूर-पुणे सपाटीवर गिअरबॉक्सला काटा लावून ड्रायव्हरला कळलं असतं ते फार तर एवढंच, की सगळं ठीक आहे.

तेल कमी झालं तर मात्र गोष्ट वेगळी, आणि ते शोधायचं साधन म्हणजे बोट. गिअरबॉक्सच्या बाजूला भरायचा प्लग असतो. गाडी सपाट जागी उभी करायची, प्लग काढायचा, भोकात करंगळी किंवा तर्जनी वाकवून घालायची. तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलं तर ठीक, नाहीतर 90 नंबरचं गिअर ऑईल ओतायचं, काठावरून ओघळेपर्यंत. बोटाला लागलेलं तेल उन्हात धरून पाहायचं. त्यात पितळी किंवा चांदीसारखी चमक दिसली तर सिंक्रो रिंग किंवा बेअरिंग जायच्या वाटेवर. वास गंधकासारखा उग्र असतोच, कारण दाब सहन व्हावा म्हणून या तेलात गंधकाची संयुगं मिसळलेली असतात. पण जळका वास वेगळा, तो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. गाडी थांबल्यावर हाऊसिंगवर तळहात ठेवून पाहणं हीही एक चाचणी: काही क्षण हात टिकला तर काळजी नाही, टेकवताच काढावा लागला तर 60 अंशांच्या वर.

अमेरिकेतला पिकअपवाला गेज का लावतो, ते यावरून कळतं. त्याची गाडी ऑटोमॅटिक. जनरल मोटर्सने 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाईलमध्ये हायड्रामॅटिक आणलं, तेव्हापासून तिकडे तेलाचं काम बदललं. ते नुसतं दात्यांना वंगण देत नाही, इंजिनची ताकद चाकांकडे नेतं. चढावर, ओझ्याखाली ही ताकद तेलातून पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर घसरतो आणि घसरलेली सगळी ताकद तेलात उष्णता होऊन उतरते. 80-90 अंशांना हे तेल सुखात असतं. 115 च्या पुढे ते झपाट्याने खराब होतं, क्लचच्या चकत्या जळतात आणि खर्च लाखांत जातो. तिथे बोट घालून भागत नाही.

इकडच्या ट्रकांचा वंश वेगळा. 1954 मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक निघाले, मद्रासकडे अशोक लेलँड आली. परदेशी कंपन्यांनी इथेच उत्पादनाचा कार्यक्रम आखावा अशी सरकारची अट पडल्यावर फोर्ड आणि जनरल मोटर्सने 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धातच भारतातून काढता पाय घेतला. उरले ते डिझेलचे, हाताने गिअर टाकायचे ट्रक. टाटाच्या गाड्यांचे आकडेच बोलके: 1210 म्हणजे 12 टन आणि सुमारे 100 अश्वशक्ती, 1612 म्हणजे 16 टन आणि 120. टनाला जेमतेम आठ अश्वशक्ती. अशा गाडीत घाट सावकाशच चढायचा. मीटरही हळूहळू देशी झाले. 1970 च्या दशकात कोइमतूरला प्रीमिअर इन्स्ट्रुमेंट्स, म्हणजे पुढची प्रिकॉल, उभी राहिली. वालचंदांच्या प्रीमिअरशी नाव तेवढं सारखं.

सोलापूर मात्र गाडीच्या या गरम भागांपासून लांब राहिलं नाही. किर्लोस्कर फेरस या कंपनीची ओतशाळा इथे आहे आणि ट्रान्समिशनची हाऊसिंग हा तिच्या कामाचाच भाग. 1992 मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स देशी-परदेशी मोटारकंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. तिनेच 2018 मध्ये विजेवरच्या ट्रकांची यंत्रणा बनवणाऱ्या इमॉस या डच कंपनीत हिस्सा घेतला. विजेच्या ट्रकात रेडिएटर राहतो, पण तो बॅटरी आणि मोटर थंड ठेवायला.

आज सोलापुरात कुणाला घरच्या घरी गेज लावायचंच असेल तर गेज सहज मिळतं, मुख्य अडचण व्होल्टची. मोठ्या ट्रकची वायरिंग 24 व्होल्टची आणि छोट्या टेम्पोची 12. बाहेरून मागवलेली बहुतेक गेज कार-पिकअपसाठी, म्हणजे 12 ची असतात. ती थेट ट्रकला जोडली तर पहिल्याच स्टार्टला जळण्याची भीती. सेन्सर ड्रेन प्लगच्या जागी बसतो, पण आटे जुळले नाहीत तर तेल ठिबकतं. आणि त्या ठिबकण्याचा पत्ता लागतो तो पुन्हा भरायच्या प्लगमधून, बोट घालूनच.