खारपाणपट्ट्यात समुद्र कधीच नव्हता, पूर्णामाय होती

संग्रामपूर, जळगाव जामोदकडं कुणालाही विचारा, "विहिरीचं पाणी खारं कसं काय?" उत्तर ठरलेलं असते, "इथं आधी समुद्र होता ना बाप्पा!" लहानपणी मीही हेच ऐकलं आणि मोठेपणी चारचौघांत सांगितलंही.

पण बोअर मारतांना बाहेर काय येते ते पाहा. शंखशिंपल्यांचा समुद्र नाही, नदीचा गाळ. माती, वाळू, चुनखडी, पुन्हा माती, शेकडो फूट. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचून एक लांबट द्रोणी झाली. उत्तरेकडून वाण, दक्षिणेकडून मन, ज्ञानगंगा, विश्वगंगा, नळगंगा अशा नद्यांनी डोंगराचा चुरा आणून ती भरली, आणि पूर्णेनं तो पसरवला. अकोल्याजवळ गांधीग्रामला याच गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलाय. अभ्यासक त्याचं नातं सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या स्फोटाशी जोडतात. कुठं सुमात्रा, कुठं आपली पूर्णा!

मग मीठ कुठलं? माती चिकण, उतार नावालाच, पाऊस बेताचा अन् ऊन भाजून काढणारं. पाणी निचरत नाही, उडून जाते आणि क्षार मागं राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय. त्यातून अमरावती, अकोला, बुलडाणा असा पसरलेला खारपाणपट्टा तयार झाला.

आता खरी गोष्ट. संग्रामपूर तालुक्यात पूर्णाकाठी भोन नावाचं गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं, तर निघालं काय? विटांचा स्तूप, मातीची भाजलेली कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी आणि कालव्याच्या खुणा. काळ साधारण मौर्य-सातवाहनांचा, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना. माझा आपला अंदाज सांगतो : खालचं पाणी खारं आहे हे त्या लोकांनाही ठाऊक असणार, म्हणून उथळ विहिरी आणि कालवा. चुकत असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

आपण वस्तीच्या जागेला "पांढरी" अन् शेताला "काळी" म्हणतो ना, त्यातही हाच इतिहास आहे. पिढ्यान् पिढ्या घरं पडली, त्यावर नवी उठली, राख-शेणमाती साचली आणि गाव उंचावलं. काळी पुरानं वाढवली, पांढरी माणसानं. या पांढरीची माती खत म्हणून किती शेतांत गेली असेल अन् तिच्यासोबत किती खापरं, याचा हिशेब कुणाकडंच नाही.

मोठा बदल झाला इंग्रजांच्या काळात. 1853 ला वऱ्हाड त्यांच्या ताब्यात गेलं. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1870 ला जलंब-खामगाव रेल्वेफाटा खास कापसासाठी सुरू झाला. जिथं तिथं पराटी. कुरणं, झाडोरा मोडून नांगर फिरला. उघड्या मातीला पहिला जोराचा पाऊस काय करतो, हे शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही.

जुलै 2023 आठवा. जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांत नाल्याकाठची जमीन खरडून गेली, कुठं दगडगोटे उघडे पडले, तर कुठं उभ्या पिकावर गाळ बसला. नदी तेच करत होती जे ती पूर्वीपासून करत आली. फरक इतकाच की आता तिच्या पसरायच्या जागेत आपली शेतं, रस्ते अन् बांध आहेत. पण ज्याचा एकरभर मातीचा थर गेला त्याला हे सांगून काय उपयोग? पंचनाम्यात पीक मोजलं जाते, हजारो वर्षांत साचलेली माती मोजायची कशी?

आणि आता भोन. जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात ते येते. पाणी आपल्याला पाहिजेच, खारपाणपट्ट्यातल्या माणसानं धरणाला नाही म्हणावं तरी कोणत्या तोंडानं? पण धरणाच्या साठ्यात पाणी थांबलं की गाळही तिथंच बसतो. स्तूप त्याखाली जाण्याआधी त्याचं काय करायचं, हे निदान ठरवून तरी टाका. गावातल्या पोरांना एकदा नेऊन दाखवा. पाणी चढल्यावर नेता येणार नाही.