बत्तीसातलं एक मत

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत भाजी घ्यायला आपण सगळेच जातो, पण त्या नावातली गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. ही मंडई बांधायची टूम निघाली तेव्हा नगरपालिकेत तिला विरोध करणाऱ्यांमध्ये खुद्द जोतीराव फुले होते! एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. अर्थात मंडई झालीच. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि 'रे मार्केट' असं नाव पडलं. पुढे नगरपालिकेनेच ते बदललं आणि नाव दिलं ते विरोध करणाऱ्याचं.

फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. निवडून आलेले नव्हे हं, सरकारने नेमलेले. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला १८८२ मध्ये. निवडणुकांनी जोर धरला तो त्यानंतर, आणि तेव्हाही मत देता यायचं ते मोजक्या लोकांनाच.

सरकारनेच खुर्ची दिली म्हटल्यावर माणूस गप्प बसेल ना? फुले बसले नाहीत. व्हाइसरॉय पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव आला. ३२ सभासद. विरोधात मत एकच, फुल्यांचं. गावात दारूची दुकानं वाढताहेत म्हणून १८८० मध्ये नगरपालिकेला पत्र लिहिणारेही तेच.

आता कुणी म्हणेल, त्या एका मताने काय झालं? प्रस्ताव तर मंजूर झालाच. खरंय. पण तो मंजूर करून घ्यायला सभेपुढे आणावा लागला. तिथे 'नाही' म्हणू शकणारा एक माणूस बसला होता, आणि तो तसं म्हणाला हे आज जवळजवळ दीडशे वर्षांनीही आपल्याला ठाऊक आहे. माझ्या मते नगरसेवकाचं खरं काम हेच. रस्ते, गटारं, दिवे ही कामं खात्यातले इंजिनियरही करतात.

हे आठवायचं कारण असं की पुण्यात चक्क चार वर्षं ही सोयच नव्हती. २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद कोर्टात अडकले आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक म्हणजे आयुक्तच. प्रस्ताव मांडणार आयुक्त, स्थायी समिती म्हणून पास करणार तेच, आणि मुख्य सभा म्हणूनही तेच. आमच्या धंद्यात याला म्हणतात स्वतःच कोड लिहायचा आणि स्वतःच रिव्ह्यू करायचा. लिहिणारा कितीही हुशार आणि प्रामाणिक असो, कुठलीही बरी टीम हे चालवून घेत नाही. शहराने मात्र चालवून घेतलं. मोर्चे निघाले नाहीत, बंद पडला नाही. मला बोचतं ते हेच.

अखेर सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये आदेश दिले आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. पुण्यात १६५ नगरसेवक निवडून आले. बहुतेक प्रभाग चार-चार जणांचे, त्यामुळे आपला नगरसेवक नेमका कोण या प्रश्नाला चार उत्तरं आहेत (म्हणजे तक्रार असली की एकही नाही!). फ्लेक्सवर मात्र चौघेही हसत असतात.

असो. तर मंडळी, एक काम करा. आपल्या चौघांपैकी कुणी या वर्षी सभागृहात कशाला विरोध केला, आणि का, एवढंच विचारा. मी माझ्या प्रभागात विचारणार आहे. उत्तर मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर पुढच्या निवडणुकीत काय बघून मत द्यायचं, ते तरी कळेल.